वरून येणारा निरोप

"आज काय म्हणाली?" काकांनी बॉयलरचा नळ बंद करत विचारलं.

"अर्धी वाटी सूप घेतलं. म्हणाल्या, त्यांना वेळेवर जेवायला सांगा," मुकादम म्हणाला. खोटं आता त्याच्या जिभेला सरावलं होतं.

काकांची बायको नऊ दिवसांपूर्वीच गेली होती.

साथीमुळे नातेवाइकांना वॉर्डात बंदी होती आणि प्रेतं परस्पर नेली जात. मळक्या चादरी आणायला रोज वर जायचा तो एकटा मुकादम. नर्सनं मृत्यूची चिठ्ठी त्याच्याच हातात दिली, "नवऱ्याला कळवा" म्हणाली. त्यानं ती खिशात घातली.

आपण पाप करतोय हे त्याला कळत होतं. पण रुग्णालयाच्या धुलाईखात्यात चौदा माणसांतली तीनच उरली होती. काही तापानं आडवी, बाकीची भीतीनं पसार. फोन केला की कुणाची सासू आजारी, कुणाची पाठ धरलेली. त्यात बॉयलर चालवता यायचा फक्त काकांना. काका घरी बसले तर दोनशे खाटांना चादर नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी मुकादमाची गत झाली होती. बदली माणूस आला की सांगू, असं ठरवून तो रोज नवं काहीतरी रचत होता. आज केस विंचरले, आज नर्सशी भांडल्या. भांडल्या म्हटल्यावर काका चक्क हसले होते.

तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. बदली माणूस येणार नव्हता. तोच तापानं वॉर्डात दाखल झाला होता.

मुकादमानं फोन ठेवला. त्याला आता सोसवेना.

"काका, मला माफ करा. काकू नाहीत हो. नऊ दिवस फसवलं मी तुम्हाला. जा तुम्ही घरी, इथलं काय व्हायचं ते होईल."

काकांनी शांतपणे हात पुसले.

"माहीत आहे मला. त्याच दिवशी चादरींच्या गाठोड्यात तिची घरची शाल आली. जिवंत असती तर तिनं ती अंगावरून काढू दिली नसती. तुमच्या नजरेतून सुटली ती. मीच धुतली."

मुकादमानं मान वर केली. "मग रोज मला विचारत का होतात?"

"घरी ती नसते, मुकादम. इथं तुम्ही वरून खाली आलात, की असते."