अंबाड्यातली पेन्सिल

दोन्ही स्लाईडवरची नावं धुऊन गेली होती.

विभागात सगळे जिला धाकटी म्हणत त्या नव्या डॉक्टरने दोन्ही काचा उजेडात धरल्या, तिरप्या करून पाहिल्या, उलट्या करून पाहिल्या. रक्ताचा जांभळट पट्टा होता, पण नावाच्या जागी नुसता निळसर डाग. तिने पेनने लिहिलं होतं. पेशी दिसाव्यात म्हणून रक्तावर जो रंग ओततात त्यात स्पिरिट असतं, त्यात शाई टिकत नाही, म्हणून नाव पेन्सिलनेच लिहायचं, हे सरांनी तिला रक्तविकार विभागात आल्या दिवशीच बजावलं होतं. सकाळी घाईत पेन्सिल सापडली नव्हती. आता तिने मान खाली घातली तशी ती अंबाड्यातून निसटून टेबलावर पडली.

सूक्ष्मदर्शकाखाली एका स्लाईडवरचं रक्त अगदी नीट होतं. दुसऱ्या स्लाईडवर कर्करोग होता. मोठमोठ्या, कच्च्या पेशी, एकीला खेटून एक. सरांना बोलावून विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. वर्षभर ती हेच बघत आली होती.

त्यातली एक स्लाईड बाहेर बाकावर बसलेल्या तरुणाची होती. तो लहान मुलांना पोहायला शिकवायचा, आणि हल्ली त्याला स्वतःलाच दम पुरत नव्हता. सोबत त्याची म्हातारी आई होती. सकाळी रक्त काढताना तिने मुलाच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. ती धाकटीच्याच चेहऱ्याकडे बघत बसली होती.

दुसरी स्लाईड धाकटीची स्वतःची होती.

आज रंगाची नवी बाटली फोडली होती. नवा रंग आधी निरोगी माणसाच्या रक्तावर लावून बघायचा, असा इथला रिवाज. निरोगी माणूस म्हणजे विभागातला सगळ्यात नवा डॉक्टर. त्याला विचारायचीसुद्धा पद्धत नव्हती. तिने हसत हसत बोट टोचून घेतलं होतं.

"पण मी तर ठणठणीत आहे," ती स्वतःशी पुटपुटली. हे तिला सांगितलं कोणी?

तिने पँटचा पाय वर सारला. नडगीवर दोन काळेनिळे डाग होते. ट्रॉलीला धडकून झाले, असं ती समजून चालली होती. परवा दात घासताना हिरडीतून रक्त आलं होतं. जिना चढताना धाप लागायची. आई तर रोज फोनवर ओरडायची, "वाळून काटकुळी झालीस नुसती!" अशी लक्षणं घेऊन कोणी बाई तपासून घ्यायला आली असती, तर धाकटीने तिला घरी जाऊच दिलं नसतं.

तिला फार माहीत होतं, हीच तर पंचाईत होती. कोणत्या औषधाने केस जातात, कोणत्याने तोंड सोलवटून निघतं, शेवटी कोणत्या खोलीत हलवतात, सगळं पाठ. अस्थिमज्जा मिळाली तर ती सख्ख्या भावंडाची मिळालेली बरी, हेही पाठ. दादाशी तिने स्कूटरवरून भांडून अबोला धरला होता. आता त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागायची?

तरुणाचं उरलेलं रक्त खालच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं होतं. तिथून संध्याकाळशिवाय काही कळणार नव्हतं. पण तिचं रक्त तिच्यापाशीच होतं. तिने दुसरं बोट टोचलं. पट्टा ओढायच्या घाईत पहिली काच वायाच गेली. दुसरीवर तिने पेन्सिलने नाव लिहिलं, अक्षरं दाबून दाबून. मग रंग ओतला आणि हातात हात घट्ट धरून ती उभी राहिली.

फोन वाजला. आईचा होता. तिने तो पालथा घातला.

"देवा, माझं नको." ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. शाळेतल्या परीक्षा संपल्यापासून तिने देवाला कसला त्रास दिला नव्हता. "माझं नको, माझं नको रे." स्लाईड दोनच होत्या; तिचं नाही तर मग कोणाचं, हा हिशेब करायचं तिला सुचलं नाही.

तिने काच धुतली, वाळवली आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला.

स्वच्छ. तिने काच सरकवली. स्वच्छ. पार कडेपर्यंत जाऊन आली, पुन्हा पहिल्यापासून बघितलं. एकही कच्ची पेशी नव्हती. ती स्टुलावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिने आईला फोन लावला.

"काही नाही गं, कामात होते. हो, जेवते. आणि दादाला सांग, स्कूटर राहू दे त्याच्याकडेच... अगं, खरंच बरी आहे मी!"

तिने तोंडावर पाण्याचे चार हबके मारले. नाव पुसलेल्या स्लाईडवरून कोणाचा आजार ठरवायचा नसतो. तरुणाचं रक्त पुन्हा घ्यायला हवं होतं. तिने सुई घेतली, कापूस घेतला, पेन्सिल अंबाड्यात न खोचता खिशात टाकली, आणि दार उघडलं.

बाकावरून त्याची आई ताडकन उठली. तिने धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओल्या गालांवर हसू अजून तसंच होतं. म्हातारीचे खांदे एकदम सैल पडले. तिने मुलाच्या पाठीत एक धपका घातला.

"बघ, बघ जरा डॉक्टरबाईंचा चेहरा! मी सांगत नव्हते, काही निघणार नाही म्हणून?"