झुडपाचं नाव

"माती उकरली की हे उगवतंच. वाऱ्याने बी येतं याचं. आणि याला पुरावा म्हणायचं?" हॉल्स्टेडने बुटाखाली झुडपाची फांदी दाबून धरली. घंटेसारखी चार-दोन पिवळी फुलं मातीत चिरडली गेली.

माखोझाची मूठ काठीवर आवळली. ती काठी तिने त्याच्या नडगीवर हाणली असती, तरी तिला कुणी दोष दिला नसता.

एकोणतीस वर्षांपूर्वी याच उतारावर तिचं घर होतं. गोऱ्यांच्या सरकारने माणसं ट्रकमध्ये कोंबली, भिंतींवरून बुलडोझर फिरवला आणि कागदावर लिहिलं, 'रिकामी जमीन'. ती रिकामी जमीन हॉल्स्टेडच्या बापाने विकत घेतली. आता राज्य बदललं होतं. हिसकावलेल्या जमिनींसाठी अर्ज मागवले होते, आणि कचेरीतली फिकिले माखोझाची फाइल घेऊन पाहणीला आली होती. पण दाखवायचं काय? भिंती गेल्या, थडगी उसाखाली गेली. उरली ती रस्त्याकडेची खरवडलेली पट्टी आणि तिच्यावर माजलेलं हे झुडूप. आज काही सिद्ध झालं नाही तर अर्ज फेटाळला जाणार होता.

"माझ्या सासऱ्यांनी लावलं हे," माखोझा म्हणाली. "डर्बनला साहेबाच्या बागेत कामाला होते. कोटाच्या खिशात घालून फांदी आणली. त्याआधी या मुलखात कुणी हे पाहिलंसुद्धा नव्हतं."

"गोगो, झाड परदेशी आहे ते मलाही दिसतंय," फिकिले म्हणाली. गोगो म्हणजे आजी. पोरगी शहरातली असली तरी रीत सोडलेली नव्हती. "पण ते तुमच्याच अंगणातलं कशावरून? बरं, इथे याला म्हणतात काय? मला रकाना भरायचाय."

माखोझा काठीने चिरडलेल्या फुलांवरची माती सारू लागली.

"नाव काय, गोगो?"

"मी नाही घेत ते नाव."

हॉल्स्टेड खो खो हसला. गोरा असला तरी तो याच मातीत वाढला होता. झुलू भाषा अशी बोलायचा की डोळे मिटून ऐकलं तर गावातलाच वाटावा. टोमणेही गावातलेच. "ऐका! सासऱ्याने लावलं म्हणे, आणि सुनेला नावच ठाऊक नाही. आजीबाई, दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवायचा तर पाठांतर तरी नीट करून यायचं!"

अर्ज लिहितानाही एका ओळीपाशी माखोझा उठून बाहेर गेली होती आणि ती ओळ दिराने सांगितली होती. एक शब्द उच्चारला असता तर वाद तिथेच संपला असता. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तो शब्द तिच्या जिभेवर आलेला नव्हता. ढगांच्या गडगडाटाचा झुलू शब्द त्याच्यासारखा वाजतो, म्हणून गडगडाटालाही ती 'वरचा गलका' म्हणायची. यांनी घर नेलं, थडगी नेली. आता रीतही यांच्या बुटाखाली घालायची? मेले तरी नाही!

"मी अडाणी बाई," ती दात ओठ खात म्हणाली. "तुम्ही जाणते ना? मग सांगा तुम्हीच."

"सांगतो की! दुमेझ्वेनी! इथलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या बापाने जमीन घेतली, तेव्हा पहिलं अख्खं वर्ष हे दुमेझ्वेनी उपटण्यात गेलं त्याचं. मजूर रोज येऊन सांगायचे, साहेब, दुमेझ्वेनी मुळासकट निघत नाही. लिहा, लिहा!"

फिकिलेने लिहिलं आणि तिचं पेन थांबलं. तिने फाइलची पानं मागे उलटली. पहिल्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवून तिने फाइल हॉल्स्टेडसमोर धरली.

'मूळ रहिवासी: दुमेझ्वेनी झोंडी. अर्जदाराचे सासरे.'

हॉल्स्टेडचा बूट फांदीवरून उठला.

"तू साक्षीला आहेस हं, पोरी," माखोझा म्हणाली. "सासऱ्यांचं नाव मी नाही घेतलं. यांनी घेतलं."