धूरवाल्या मॅडम

कारखान्याच्या चिमणीतल्या धुरातून कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं द्रावण मॅडमनी वर्षानुवर्षं डोकं फोडून तयार केलं होतं. तपासणीत ते पास झालं की त्यांची नोकरी कायम होणार होती. नेमका तपासणीच्या आदल्या दिवशी मालकांनी अख्खा कारखाना सौरऊर्जेवर नेला आणि चिमणी थंड पडली.

“आता काय स्वतःचा श्वास पकडून दाखवू?” मॅडम रडकुंडीला आल्या.

“कशाला जीव टांगणीला लावताय?” मॅनेजर म्हणाले. “पर्यावरणासाठी आपण वाट्टेल ते करू.”

द्रावण पास झालं, मॅडम कायम झाल्या.



आता कारखाना उन्हावर चालतो, आणि मॅडमच्या द्रावणाला धूर कमी पडू नये म्हणून चिमणीखाली रोज नेमानं कोळसा जाळतात.