चार वाजताचं लाल फडकं

"चारला, नेंग," शर्टाची गुंडी लावता लावता मर्जुकी दारातून म्हणाले. मुलगी पस्तिशीला आली तरी ते तिला लहानपणीच्याच हाकेनं बोलावत.

रोगायाहनं शिवणयंत्रावरून मान वर केली नाही. "एवढ्या वर्षांत कधी आठवण करावी लागलीय का, बाबे?"

ते हसले, जेवणाचा डबा उचलला आणि मोनासच्या वाटेला लागले.

जकार्ताच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या मनोऱ्याच्या लिफ्टवर नोकरीला लागून त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती. रोगायाहची आई गेली त्याच वर्षी ही नोकरी लागली. सात वर्षांची पोर शाळेतून आली की रिकाम्या घरात रडत बसे. तेव्हा त्यांनी आईच्या जुन्या सारोंगमधून एक लाल फडकं फाडून तिच्या हातात दिलं. रोज चारला हे छपरावरच्या काठीला लाव, म्हणाले. मी वर मनोऱ्याच्या टोकाला, सोनेरी ज्योतीखाली उभा असतो, तिथल्या दुर्बिणीतून मला दिसेल, मी हात करीन. त्या दिवसापासून पोर रडायची थांबली. चार वाजता कोणीतरी आपल्याकडे बघतं, एवढं तिला पुरलं.

ऑगस्ट लागला होता, स्वातंत्र्यदिन जवळ आला होता. त्यांच्या क्वितांगच्या गल्लीत दारोदारी झेंडे चढत होते आणि रोगायाहला मान वर करायला फुरसत नव्हती. लाल वर, पांढरा खाली, मधे सरळ शिवण. शेजारच्या सावदाहनं खिडकीतून डोकावून विचारलं, की साऱ्या देशाचे लाल-पांढरे जोडून झाले, आता स्वतःचं कधी जोडणार? रोगायाहनं सांगितलं की लाल कापड आहे, पांढरं मिळत नाही. दोघी हसल्या. मग सावदाह आपल्या घरात गेली, तिथं नातवंडांचा गोंधळ होता. रोगायाहच्या घरात घड्याळ ऐकू येत होतं.

चार वाजले तशी ती रोजच्यासारखी थांबली. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी मर्जुकी आले, हातपाय धुऊन चटईवर बसले. तिनं भात आणि जेंगकोलच्या बियांचं कालवण वाढलं.

"दिसलं गं," ते म्हणाले. "आज वर वारा फार. काठीलाच गुंडाळलं होतं."

"हो, वारा होता खरा."

"सोडवलंस ना?"

"सोडवलं."

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि आणखी भात मागितला. ती खाली मान घालून वाढत राहिली. रोज हे एवढंच बोलणं व्हायचं. यापलीकडे दोघांकडे एकमेकांसाठी शब्द नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजाला ते उठले नाहीत. उजाडायच्या आत कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या कागदाचा झेंडा बांधला. गल्लीभर लाल-पांढऱ्या पताका आणि त्यांच्यात तो एकटा पिवळा. गल्लीत कोणीतरी गेलंय, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

सात दिवस घरात प्रार्थना झाल्या, चटया कमी पडल्या. आठव्या दिवशी चटया गुंडाळून रोगायाह मोनासला गेली. बापाच्या कपाटातलं सामान न्यायला, असं तिनं सावदाहला सांगितलं. खरं म्हणजे तिला एकच बघायचं होतं. ते उभे राहत तिथून आपलं छप्पर दिसतं का, की नाही.

बापाचे कामावरचे जोडीदार दारसोनो लिफ्टपाशी भेटले. त्यांनी कपाटातल्या चपला, एक कंगवा आणि टोपी पिशवीत भरून दिली. रोगायाह म्हणाली, की चार वाजायला आलेत. बाबे जिथं उभे राहायचे तिथं मला वर घेऊन चला.

दारसोनो म्हणाले, "वर? मर्जुकी वर कुठं होता, पोरी?"



मग त्यांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी मर्जुकींना वरच चक्कर आली. डॉक्टरांनी उंचावर जाणं बंद केलं. तेव्हापासून ते खाली, तळाच्या संग्रहालयाच्या दारावर बसायचे. घरी कळू द्यायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद होती.

बोलत बोलत ते तिला बाहेर हिरवळीवर घेऊन गेले, एका चिंचेखाली. समोर झाडंच झाडं होती. झाडांपलीकडे काही दिसत नव्हतं.

"ही त्याची जागा. रोज चारला इथं यायचा, क्वितांगच्या बाजूला तोंड करायचा आणि हात हलवायचा. पाऊस असला तरी. एकदा आम्ही हसलो, म्हटलं, अरे, झाडांना काय हात करतोस? तर म्हणाला, मला दिसत नाही म्हणून तिनं लावायचं सोडलंय का?"

एवढं बोलून दारसोनो आत गेले.

रोगायाह चिंचेखाली एकटी उभी राहिली. चार वाजले. टोपीची पिशवी तिनं छातीशी धरली आणि क्वितांगच्या बाजूला तोंड केलं.

"बाबे," ती मोठ्यानं म्हणाली, "एकदा फडकं लावायचं विसरले होते मी. तरी तुम्ही घरी येऊन म्हणालात, दिसलं. तेव्हापासून मी ते लावलंच नाही."