अपेंडिक्सचं ऑपरेशन

डॉक्टरबाईंनी टेबलावर झोपायला सांगितलं आणि त्या हात धुवायला वळल्या. मागं बघतात तो सारजानं लुगडं सोडून ठेवलं होतं आणि डोळे गच्च मिटले होते.

“अगं, नुसतं पोट दाखव,” बाई म्हणाल्या. त्यांनीच तिच्या अंगावर चादर ओढली.

सारजा एकवीस वर्षांची. इंदापूरकडच्या कळंबची. पुण्यात कामाला लावते म्हणून गावातल्याच एका बाईनं तिला नेलं आणि विकलं. चार वर्षांनी पोलिसांनी सोडवून घरी पोचवलं, त्याला दोन महिने झाले होते. ओटीपोटाचं दुखणं काही थांबेना, म्हणून थोरला भाऊ मानसिंग आणि आई प्रयागबाई तिला बारामतीच्या या दवाखान्यात घेऊन आले होते.

“हा व्रण कशाचा?”

“अपेंडिसचा. पोटात लई दुखत हुतं, म्हून तितंच केलं आपरेशन. झाली दोन वरसं.”

“आणि पाळी?”

“तवापास्नं न्हाय. अशक्तपनानं गेली आसंल.”

बाईंनी सोनोग्राफी केली. बराच वेळ मशीनकडं बघत राहिल्या. मग स्टूल जवळ ओढून बसल्या. “सारजा, हे अपेंडिक्सचं ऑपरेशन नाही. तुझी गर्भाची पिशवी काढलीय त्यांनी.”

तिला कळायला वेळ लागला.

“सगळी?”

“सगळी.”

“घरच्यास्नी सांगू नका,” ती म्हणाली.

पण प्रयागबाई पडद्याआडच उभी होती. तिनं हंबरडा फोडला, तसा मानसिंग आत आला. आईनं रडत रडत सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं.

“म्हंजी हिला प्वार व्हायचंच न्हाय?” त्यानं बाईंना विचारलं.

“नाही.”

तो आईकडं वळला. “आये, रडू नगं. लोणी भापकरच्या बापूसाहेबाची बायकू वारली न्हवं? तीन पोरं हायती. वावराला आनिक वाटेकरी नगं म्हून त्यो अशीच हुडकतोय.”

प्रयागबाईनं पदरानं डोळे पुसले. “पन्नाशीचा आसंल की रं त्यो.”

“आसंना.”

“आन् हिचं पुन्याचं?”

“पिशवी न्हाय, येवढंच सांगायचं.” मानसिंग बाईंकडं वळला. “बाई, तेवढं कागदावर लिवून द्या. दावल्याबिगार त्यो इस्वास ठेवायचा न्हाय.”

“बाहेर व्हा!” बाई ओरडल्या. “असलं काही मी लिहून देणार नाही.”

सारजा टेबलावरून उतरली. लुगडं नीट नेसली, पदर सारखा केला.

“द्या लिवून, बाई,” ती म्हणाली. “पुन्यातबी डाक्टरनं बघितल्याबिगार मला कुनी घेतलं न्हवतं.”