जवारी

तंबोऱ्याच्या तारेखालचा सुती दोरा दातारबाईंनी केसभर सरकवला आणि बोथट वाजणारी तार एकदम गुंजू लागली. कुमुद मागच्या बाकावरून ते टक लावून पाहत होती. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा आवाज खरखरीत झाला होता. तेव्हापासून बोलण्याआधीही ती खाकरून घ्यायची, आणि गाणं सोडून बाईंच्या जागतिक संगीताच्या इतिहासाच्या वर्गात नुसती ऐकायला बसायची.

"ही जवारी, तार घोडीला घासून उठणारी गुंज. आता हे ऐका," म्हणत बाईंनी झिंबाब्वेतल्या एम्बिरा या वाद्याचं रेकॉर्डिंग लावलं. लोखंडी पट्ट्यांच्या गोड सुरांमागे सतत बारीक खरखर येत होती.

"बाई, स्पीकर फाटलाय वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"स्पीकर नाही, तुझे कान तपास!" बाई हसल्या. "वाद्याला शिंपले नाहीतर बाटल्यांची बुचं मुद्दाम लावतात, त्याची ही खरखर. जपानी शामिसेन या तंतुवाद्याची जाड तारही अशीच घासत ठेवतात. ही माणसं एकमेकांना कधी भेटली नव्हती, पण निव्वळ स्वच्छ सूर सगळ्यांनाच अळणी वाटला."

कुमुदचा हात नकळत गळ्यावरच्या व्रणाकडे गेला. कुठकुठल्या कारागिरांनी किती कान देऊन ही खरखर घडवली असेल, या विचाराने ती थक्क झाली होती.

वर्ग सुटला. तंबोऱ्याला गवसणी घालताना बाईंनी तिला दर वर्षीचा प्रश्न विचारला, "काय गं, गुरुपौर्णिमेला गाणार, की यंदाही सतरंज्याच घालणार?"

कुमुद या वेळी खाकरली नाही.

"गाणार, बाई," ती म्हणाली. "आहे त्या आवाजात."