हातोडी लांब ठेव

आईशी बोलून झाल्यावर ताईने फोन खिशात न टाकता खडकावरच ठेवला आणि होकायंत्र छातीशी धरून पुन्हा दिशा पाहिली.

"धाकट्याचा फोन लागत नाही गं," आई म्हणाली होती.

"बोगद्यात असला की कुठे लागतो?"

"तेही खरंच. नकाशा तू काढलायस, म्हणून मी आपली निवांत आहे."

खडकांच्या घड्या आणि तडे मोजून नकाशावर उतरवायचे, हे ताईचं काम. समोरचा तडा तिने मागेच मोजला होता. त्याची लाल रेघ डोंगरातून पुढे नेली तर ती बोगद्याला कुठे गाठेल, तेही तिनेच सांगितलं होतं. आज वाटेत होती म्हणून सहज पडताळून पाहिलं, तर आकडा वेगळा.

हात हलला असेल. तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा तोच वेगळा आकडा. आता हाताला तरी किती दोष द्यायचा? तिने फोन उचलून रोजच्यासारखा छातीच्या खिशात टाकला. सुई हळूच वळली आणि जुन्या आकड्यावर जाऊन बसली.

फोनच्या कव्हराला चुंबकाचं बटण होतं. "तुझा फोन सारखा दगडावर आपटतो," म्हणून धाकट्या भावानेच पहिल्या पगारातून ते कव्हर आणलं होतं. आणि सुईजवळ लोखंड नको, हातोडी लांब ठेव, म्हणून ही नव्या पोरांवर येता-जाता ओरडायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रेघ जराशी फिरली तरी डोंगराच्या पोटात ती कितीतरी अलीकडे येत होती. तड्यातला खडक म्हणजे नुसता भुगा, आणि त्यात कोंडलेलं पाणी. नकाशावर तो अजून लांब होता. खरा तडा धाकट्याच्या पुढ्यातच होता, आणि तो तिथे भोकं पाडत होता.

बोगद्याच्या तोंडाशी हजेरी घेणाऱ्या काकांना तिने फोन लावला. नकाशा उलगडायला हात मोकळे हवे होते, म्हणून फोन खडकावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"काका, आत पाणी येतंय का?"

"येतंय थोडंसं. सकाळी नितळ होतं, आता गढूळ झालंय."

"सगळ्यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, साहेबांना विचारल्याशिवाय कसं..."

"साहेबांचं मी बघते. तुम्ही आधी भोंगा वाजवा."

भोंगा वाजला. बऱ्याच वेळाने बुटांचे आवाज आले. कुणीतरी हसलं, कुणी चहाचं विचारलं. त्या गलक्यात ताई एकच आवाज शोधत होती.

"आले का सगळे?"

"आले की. तुझा भाऊ तेवढा मागे राहिलाय." काकांना हसू येत होतं. "आतल्या तारेच्या फोनवरून म्हणाला, ताईची रेघ अजून लांब आहे, एवढं भोक पुरं करूनच येतो."

"त्याला सांगा... सांगा, ताईची रेघ चुकलीय. पळ म्हणावं."

काकांचं हसू थांबलं. आतला फोन लावल्याचा आवाज आला. मग काकांचंच "हॅलो, हॅलो," आणि पुन्हा "हॅलो."

ताई फोनवर वाकली. शेजारी होकायंत्र उघडंच पडलं होतं. सुई उत्तर सोडून फोनकडे वळली होती आणि थरथरत होती.